सिबिलचा आकडा बाजूला ठेवून पत अहवाल ओळीओळीने कसा वाचावा

खाडीकाठ (रत्नागिरी)

सर्वांना नमस्कार. सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, आपल्या भागातल्या अर्जदाराचे कर्ज अडते ते बहुतेक वेळा त्याचा गुणांक (म्हणजे ज्याला आपण सिबिलचा आकडा म्हणतो तो) मुळातच वाईट आहे म्हणून नव्हे, तर त्याच्या पत अहवालात, म्हणजे त्याच्या कर्जांच्या आणि परतफेडीच्या नोंदवहीत, एखादी अशी नोंद असते, जी बँकेला दिसते आणि त्याला स्वतःला ठाऊकच नसते. घराचे काम अर्ध्यावर आलेले असते, बागेच्या फवारणीचे दिवस तोंडावर असतात आणि त्या वेळी कळते की आठ वर्षांपूर्वी फेडलेले एक कर्ज कागदावर अजून जिवंत आहे. दुरुस्ती होते, पण तिला आठवडे लागतात, आणि हंगाम थांबत नाही. म्हणून कर्जाची गरज नसतानाच अहवाल काढून नीट वाचावा, एवढ्यासाठी हा धागा सुरू करत आहे.

आधी मूळ व्यवस्था सांगतो. कर्जांची माहिती बँकांकडून गोळा करून हे अहवाल तयार करणाऱ्या, रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या चार पत माहिती कंपन्या भारतात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. त्यांचे काम पत माहिती कंपन्या (विनियमन) अधिनियम, 2005 या कायद्याखाली चालते. सिबिल त्यांतली सर्वांत जुनी, 2000 साली स्थापन झालेली, त्यामुळे तिचेच नाव लोकांच्या तोंडी बसले; परंतु रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये सर्व बँकांना आणि वित्त कंपन्यांना चारही ठिकाणी सभासद होण्यास सांगितल्यापासून आपली माहिती चारही कंपन्यांकडे जाते. कर्ज देणारी संस्था त्यांपैकी कोणाचा अहवाल मागवील हे आपल्या हाती नसते. त्यामुळे एकच अहवाल पाहून निश्चिंत होणे बरोबर नाही.

प्रत्येक कंपनीने प्रत्येक व्यक्तीला जानेवारी ते डिसेंबर या वर्षात एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह मोफत दिला पाहिजे, असा नियम 1 जानेवारी 2017 पासून आहे. म्हणजे वर्षाला चार अहवाल विनामूल्य मिळतात. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन पॅन, जन्मतारीख आणि मोबाईलवर आलेला ओटीपी एवढ्यावर तो काढता येतो. त्याच पानावर मासिक आणि वार्षिक सशुल्क योजनांच्या जाहिराती ठळक असतात. त्यांवर न थांबता मोफत वार्षिक अहवालाचा दुवा शोधावा. त्रयस्थ ॲपवरून गुणांक पाहण्याची सवय मला पसंत नाही, कारण तिथे बहुधा आकडा मोठ्या अक्षरांत आणि तपशील त्रोटक असतो, आणि आपली माहिती पुढे कर्जाच्या जाहिरातींसाठी वापरली जाण्याची संमतीही आपण नकळत देऊन बसतो.

आता आकड्याबद्दल. गुणांक 300 ते 900 या दरम्यान असतो. चार कंपन्यांची गणिते वेगवेगळी असल्याने एकाच माणसाचे चार आकडे वेगळे येणे ही चूक नाही. 750 च्या पुढे असले की बँका समाधानी असतात, असा सर्वसाधारण अनुभव आहे, पण रिझर्व्ह बँकेने किमान गुणांक ठरवून दिलेला नाही. ते प्रत्येक संस्थेचे धोरण असते. आकडा हा अहवालाचा निष्कर्ष आहे आणि निष्कर्षावर वाद घालता येत नाही. वाद घालता येतो तो नोंदीवर. म्हणून पहिले पान उलटून खात्यांच्या भागाकडे जावे.

तिथे प्रत्येक कर्जाखाली महिनावार चौकटी असतात, साधारण मागील 36 महिन्यांच्या. चौकटीतला आकडा म्हणजे त्या महिन्यात हप्ता किती दिवस थकलेला होता. 000 असेल तर काही थकलेले नाही. 030 म्हणजे तीस दिवस. आकड्याऐवजी एसटीडी असेल तर खाते नियमित, एसयूबी असेल तर नव्वद दिवसांच्या पलीकडे थकून अनुत्पादक झालेले. एक्सएक्सएक्स ही अक्षरे पाहून पुष्कळ जण घाबरतात, परंतु त्यांचा अर्थ बँकेने त्या महिन्याची माहितीच पाठवली नाही, इतकाच आहे. एका महिन्याच्या 005 ने कर्ज अडत नाही. पण त्याच हप्त्याचे 030, 060, 090 असे वाढत गेलेले आकडे दिसले, तर कोणताही अधिकारी पुढचे पान उलटण्याआधी प्रश्न विचारतो.

हापूसबाग (देवगड)

धागा काढल्याबद्दल आभार. माझा प्रश्न जामीनकीचा आहे. माझे धाकटे बंधू मुंबईला नोकरीस आहेत. गावातील एका नातेवाइकाच्या टेम्पोच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. बंधूंनी स्वतः कधीही कर्ज घेतलेले नाही, तरी त्यांच्या अहवालात ते टेम्पोचे कर्ज दिसते आणि त्यापुढे थकबाकीही दिसते. बँकेने त्यांना कधी पत्र पाठवले नाही. त्यांनी एक रुपयाही उचललेला नसताना ही नोंद काढून टाकता येईल का?

खाडीकाठ (रत्नागिरी)

हापूसबाग, आपल्या बंधूंची अडचण कोकणात घरोघरी आढळेल, आणि तिचे कारण आपल्या जमिनींच्या कागदांत आहे. एका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस हिस्सेदार असतात, त्यांतले निम्मे मुंबईला, काही हयात नाहीत, वारस नोंद झालेली नाही. अशी सामाईक जमीन बँकेला तारण म्हणून चालत नाही. मग बँक पगारदार जामीन मागते आणि गावाकडचा माणूस मुंबईच्या भावाकडे, मेहुण्याकडे जातो. सही भिडेखातर होते. कर्ज कशाचे, किती वर्षांचे, हप्ता किती, हे विचारणेसुद्धा अविश्वास दाखवल्यासारखे वाटते, म्हणून कोणी विचारत नाही.

कायद्याची स्थिती मात्र स्पष्ट आहे. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 128 प्रमाणे, करारात वेगळे काही लिहिलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराकडून वसुलीचे सारे उपाय संपवावेत आणि मगच जामीनदाराकडे यावे, असे बंधन त्या कलमात नाही. म्हणून ते कर्ज अहवालात 'गॅरंटर' या वर्गात दाखवणे योग्यच आहे आणि ती नोंद केवळ मागणी केल्याने निघणार नाही.

तरीही तीन गोष्टी तपासण्यासारख्या आहेत. नोंदीच्या वर्गात 'गॅरंटर' लिहिले आहे की 'इंडिव्हिज्युअल' किंवा 'जॉइंट', हे पाहावे; जामीनदाराला कर्जदार म्हणून दाखवलेले असेल तर ती खरी चूक आहे आणि ती दुरुस्त झालीच पाहिजे. दुसरे, दाखवलेली थकबाकी कर्जदाराच्या खातेउताऱ्याशी जुळते का, याची बँकेकडे लेखी विचारणा करावी. जामीनदार म्हणून तो उतारा मागण्याचा आपल्याला आधार आहे. तिसरे, जामीनदाराच्या संमतीविना कर्जाच्या अटी बदलल्या असतील, तर कलम 133 प्रमाणे त्या बदलानंतरच्या व्यवहारांपुरता जामीनदार मुक्त होऊ शकतो. पण हा वकिलाच्या सल्ल्याचा विषय आहे, आणि बहुतेक जामीन करारांत बँका अशी संमती आगाऊच लिहून घेतात.

व्यवहारात सर्वांत लवकर लागू पडणारा उपाय म्हणजे नातेवाइकांना समोर बसवून थकलेले हप्ते भरून घेणे. खाते नियमित झाले की पुढील महिन्यांच्या चौकटी सुधारतात. मागील महिन्यांतील खरी थकबाकी पुसली जात नाही.

वाशिष्ठीतीर (चिपळूण)

माझे किराणा मालाचे घाऊक दुकान आहे. 22 जुलै 2021 च्या महापुरात तळमजल्यावरील सगळा माल गेला. बँकेने त्यानंतर कर्जाची पुनर्रचना करून दिली, मुदत वाढवली, आणि मी ठरल्याप्रमाणे हप्ते भरत आलो. आता गोदामासाठी दुसऱ्या एका बँकेकडे गेलो, तेव्हा तिथल्या अधिकाऱ्याने अहवालातील 'रिस्ट्रक्चर्ड' या शब्दावर बोट ठेवले. पुनर्रचना म्हणजे मी कर्ज बुडवले, असा त्याचा अर्थ घेतला जातो, हे मला अन्यायाचे वाटते. पूर काही मी आणलेला नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

आपले म्हणणे रास्त आहे, आणि आपल्या बाबतीत एक नेमका मार्ग आहे. बँका पत माहिती कंपन्यांना माहिती पाठवतात, तेव्हा पुनर्रचित कर्जासाठी वेगवेगळ्या खुणा उपलब्ध असतात. साधी पुनर्रचना ही एक खूण, नैसर्गिक आपत्तीमुळे झालेली पुनर्रचना ही वेगळी खूण आणि कोविडमुळे झालेली पुनर्रचना ही आणखी वेगळी. पुरानंतरच्या सवलतीखाली दिलेली पुनर्रचना साध्या खुणेने नोंदली गेली असेल, तर वाचणाऱ्याला तीत आपला दोष दिसतो. म्हणून आपल्या बँकेच्या मंजुरीपत्राची प्रत, पंचनाम्याची प्रत आणि अहवालातील त्या पानाची प्रत जोडून शाखेकडे लेखी अर्ज करावा की ही नोंद नैसर्गिक आपत्तीच्या वर्गात दुरुस्त करून पाठवावी. मंजुरीपत्रात पुराचा उल्लेख असेल तर काम सोपे आहे.

निसर्ग चक्रीवादळात 3 जून 2020 रोजी श्रीवर्धन, मुरूड, दापोली पट्ट्यात ज्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि ज्यांनी नंतर कर्जाची मुदत वाढवून घेतली, त्यांनीही हीच तपासणी करावी असे मी आग्रहाने सांगेन. बाग पुन्हा उभी राहायला वर्षे लागतात, आणि तोवर ही नोंद अहवालात राहते.

माहेरवाशीण (मालवण)

नमस्कार. माझ्या अहवालात एक दुचाकीचे कर्ज दिसते, जे मी घेतलेले नाही. चौकशी केल्यावर लक्षात आले की आमच्याच गावात माझ्या लग्नानंतरच्या नावाची, म्हणजे नाव, पतीचे नाव आणि आडनाव तिन्ही सारखी असलेली, दुसरी एक स्त्री आहे. याउलट लग्नापूर्वी माझ्या नावावर असलेले आणि वेळेवर फेडलेले शैक्षणिक कर्ज मात्र अहवालात कुठेच नाही. असे कसे होते?

सनदीलेखा (अलिबाग)

मी व्यवसायाने सनदी लेखापाल आहे, म्हणून या प्रश्नाला उत्तर देण्याची परवानगी घेतो. पत माहिती कंपन्या माणूस ओळखतात तो नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ता, दूरध्वनी अशा खुणा एकमेकींशी जुळवून. पॅन दिलेला असेल तर जुळणी पक्की होते. जुन्या किंवा लहान कर्जांत पॅन नसतो आणि मग नाव व पत्ता यांवर भिस्त राहते. शहरातील पत्त्यात इमारत, मजला आणि सदनिका क्रमांक असतो. आपल्याकडे मुक्काम, पोस्ट, तालुका एवढ्यावर पत्ता संपतो, वाडीचे नाव कधी लिहितात, कधी नाही. एका गावात एकाच आडनावाची चाळीस घरे असली की दोन व्यक्तींच्या नोंदी एकत्र येणे शक्य असते. आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमुळे उलटाही प्रकार घडतो: एका बँकेत 'व्ही' लिहितात, दुसऱ्या बँकेत 'डब्ल्यू' लिहितात आणि एकाच व्यक्तीची माहिती दोन ठिकाणी विभागली जाते.

ताई, आपल्या बाबतीत दोन्ही प्रकार झालेले दिसतात. दुचाकीच्या कर्जासाठी 'हे खाते माझे नाही' अशी हरकत नोंदवावी. शैक्षणिक कर्जासाठी आधी पाहावे लागेल की ते किती जुने आहे. माहिती किमान सात वर्षे जपून ठेवण्याचे बंधन कंपन्यांवर आहे. त्याहून जुने फेडलेले खाते दिसत नसेल तर ती चूकच असेल असे नाही. ते अलीकडचे असेल, तर ज्या बँकेचे कर्ज होते तिच्याकडे जाऊन विवाह नोंदणी प्रमाणपत्र व पॅन देऊन माहिती अद्ययावत करून घ्यावी. सासरी आलेल्या प्रत्येक स्त्रीने पॅन, आधार आणि बँक खाते या तिन्हींवरील नाव व पत्ता एकसारखा आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे. वेळेवर फेडलेले कर्ज ही तिची स्वतःची कमाई आहे. नाव बदलले म्हणून ती हातची जाऊ नये.

हरकत नोंदवण्याची पद्धत सविस्तर सांगतो, कारण पुढे अनेकांना लागेल. प्रत्येक अहवालावर एक नियंत्रण क्रमांक असतो. तो हाताशी ठेवून कंपनीच्या संकेतस्थळावर हरकतीचा अर्ज भरता येतो. त्यासाठी शुल्क नाही. कंपनी स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, ती संबंधित बँकेकडे विचारणा करते आणि बँकेने मान्य केल्यावरच बदल करते. म्हणून माझा सल्ला असा की, कंपनीकडे हरकत आणि बँकेकडे लेखी तक्रार ही दोन्ही कामे एकाच दिवशी करावीत, आणि शाखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी. तोंडी सांगून आल्यास तक्रारीची तारीख सिद्ध करता येत नाही.

तारखेला इतके महत्त्व का, तर 26 एप्रिल 2024 पासून नुकसानभरपाईचा नियम लागू झाला आहे. तक्रार दिल्यापासून 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये याप्रमाणे तक्रारदाराला मिळाले पाहिजेत. तक्रार कळल्यापासून 21 दिवसांत बँकेने कंपनीकडे सुधारित माहिती पाठवली नसेल तर रक्कम बँक देते. बँकेने वेळेत पाठवूनही कंपनीने काम केले नसेल तर कंपनी देते. रक्कम मोठी नाही, पण ज्या कार्यालयात अर्ज महिनोन्महिने पडून राहतात, तिथे या नियमाचा उल्लेख अर्जात केल्याने हालचाल होते, असे मी पाहिले आहे. केवळ गुणांक कमी का आला, ही तक्रार मात्र या नियमात बसत नाही.

चाकरमानी (डोंबिवली, मूळ गाव राजापूर)

गावच्या घराच्या दुरुस्तीसाठी मी काही महिन्यांपूर्वी मोबाईलवरील निरनिराळ्या कर्जाच्या ॲपवर अर्ज भरून पाहिले, कर्ज कुठेच घेतले नाही. आता अहवालाच्या शेवटच्या भागात चौकशांची मोठी यादी दिसते, त्यांत मी ज्यांचे नावही ऐकलेले नाही अशा वित्त कंपन्या आहेत. स्वतःचा अहवाल पुन्हा पुन्हा पाहिल्यानेही गुणांक घटतो, असे कार्यालयातील सहकारी सांगतात. हे खरे आहे का?

सनदीलेखा (अलिबाग)

स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुणांक घटत नाही, ही गोष्ट निःशंक मनाने धरून चालावी. या गैरसमजामुळे लोक वर्षानुवर्षे अहवाल काढत नाहीत आणि नुकसान करून घेतात. परिणाम होतो तो आपण कर्जासाठी अर्ज केल्यावर कर्ज देणाऱ्याने केलेल्या चौकशीचा. थोड्या अवधीत अशा अनेक चौकशा दिसल्या, की वाचणाऱ्याला माणूस पैशासाठी सगळीकडे फिरत आहे असे वाटते. अनोळखी नावे दिसतात, कारण ॲप हा केवळ मध्यस्थ असतो. प्रत्यक्ष कर्ज देणारी वित्त कंपनी पडद्यामागे असते आणि चौकशी तिच्या नावाने नोंदली जाते. आपण अर्ज केलेल्या तारखांशी त्या चौकशा ताडून पाहाव्यात. ज्या तारखेला आपण काहीच केलेले नाही, तिथली चौकशी मात्र गांभीर्याने घ्यावी, कारण आपल्या पॅनचा दुसऱ्या कोणी वापर केल्याची ती पहिली खूण असू शकते. आता आपला अहवाल कोणी मागवला की एसएमएस किंवा ई-मेलने सूचना देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. त्यासाठी आपला चालू क्रमांक त्यांच्याकडे असला पाहिजे. गावचे एक सिमकार्ड आणि मुंबईचे दुसरे, अशी आपल्या चाकरमान्यांची रीत असते. बँकेकडे बंद पडलेला क्रमांक राहिला असेल तर ही सूचना कोणालाच मिळत नाही.

क्रेडिट कार्ड असेल तर आणखी एक पाहावे. मर्यादेच्या तुलनेत वापर किती, याचाही गुणांकावर परिणाम होतो. तीस टक्क्यांच्या आत ठेवावा असे साधारणपणे सुचवले जाते. गणपतीच्या खरेदीत एका महिन्यात वापर चढला तर घाबरण्यासारखे काही नाही, पुढच्या महिन्यात पूर्ण भरणा केल्यावर तो उतरतो.

दर्यावर्दी (हर्णै)

आमच्या नौकेच्या इंजिनाचे कर्ज होते. दोन हंगाम मासळी मिळाली नाही आणि खाते थकले. बँकेने एकरकमी परतफेड योजनेत तडजोड करून दिली, काही व्याज माफ केले, आम्ही ठरलेली रक्कम वेळेत भरली आणि दाखलाही घेतला. आता अहवालात 'सेटल्ड' असे लिहून येते. दाखला हातात असताना खाते 'क्लोज्ड' का दाखवत नाहीत?

खाडीकाठ (रत्नागिरी)

दादा, आपण हंगाम नसतानाही रक्कम उभी करून भरलीत, त्याचे मोल मी जाणतो. तरीही अहवालाच्या दृष्टीने 'क्लोज्ड' म्हणजे सर्व येणे पूर्ण फिटले आणि 'सेटल्ड' म्हणजे येण्यापेक्षा कमी रकमेवर तडजोड झाली. बँकेने काही रक्कम सोडून दिली असल्याने 'सेटल्ड' ही नोंद खरी आहे आणि तिच्याविरुद्ध हरकत टिकणार नाही. एकरकमी योजनेचे पत्र देताना शाखेतून हा परिणाम क्वचितच समजावून सांगितला जातो, आणि हा बँकांच्या कामातील मोठा दोष आहे असे मी बँकेत असतानाही म्हणत असे. सही करण्याआधी कर्जदाराला कळले पाहिजे की व्याजमाफीबरोबर काय येते.

आपल्यापुढे दोन वाटा आहेत. पुढे मोठे कर्ज घ्यायचे असेल आणि माफ झालेली रक्कम आवाक्यात असेल, तर ती भरण्याची तयारी बँकेला लेखी कळवावी, भरल्यावर पूर्ण बेबाकी दाखला (काहीही येणे बाकी नाही असा दाखला) घ्यावा आणि खाते 'क्लोज्ड' म्हणून कळवण्यास सांगावे. भरण्यापूर्वीच बँकेकडून हे लेखी मान्य करून घेणे आवश्यक आहे. रक्कम आवाक्याबाहेर असेल तर नोंद तशीच राहू द्यावी आणि लहान रकमेचे एखादे कर्ज, उदाहरणार्थ सोनेतारण, घेऊन ते वेळेवर फेडावे. 'रिटन ऑफ' म्हणून, म्हणजे बँकेने बुडीत धरून, थकबाकीसह पडून राहिलेल्या खात्यापेक्षा 'सेटल्ड' केव्हाही बरे. तडजोडीनंतर त्याच संस्थेकडून नवे कर्ज मिळण्याआधी थांबण्याचा काळ असतो. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या नियमांनुसार शेतीव्यतिरिक्त कर्जांसाठी तो किमान बारा महिन्यांचा आहे.

आणि एक विनंती सर्वांना. 'सेटल्ड काढून देतो, सिबिल साफ करतो' असे सांगणारे लोक हल्ली तालुक्याच्या गावीसुद्धा फिरत आहेत. खरी नोंद पैसे घेऊन कोणालाही काढता येत नाही, आणि खोटी नोंद काढण्यासाठी पैसे लागत नाहीत. त्यांना पॅन आणि ओटीपी देणे तर फारच धोक्याचे आहे.

नवीपालवी (कुडाळ)

मी नुकतीच नोकरीला लागले आहे. वडिलांनी गेली अनेक वर्षे गावच्या पतसंस्थेतून कर्जे घेतली आणि काटेकोरपणे फेडली, पण त्यांच्या अहवालात त्यांतले एकही दिसत नाही. माझ्या अहवालात तर गुणांकाच्या जागी उणे एक आले आहे. आम्हा दोघांना गृहकर्ज मिळेल का?

सनदीलेखा (अलिबाग)

उणे एक म्हणजे वाईट पत नव्हे, तर गुणांक काढण्याइतका कर्जाचा इतिहास उपलब्ध नाही, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्यांदाच कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. बँक आपला पगार, नोकरी आणि खात्यातील व्यवहार पाहून निर्णय घेईल.

वडिलांच्या बाबतीत कारण वेगळे आहे. सहकारी पतसंस्था या राज्याच्या सहकार कायद्याखाली चालतात, त्या बँका नव्हेत, आणि त्यांची कर्जे या चार कंपन्यांकडे सहसा नोंदली जात नाहीत. त्यामुळे पतसंस्थेत आयुष्यभर उत्तम व्यवहार केलेला माणूस बँकेच्या दृष्टीने नवखा ठरतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील कितीतरी कुटुंबांचा सगळा कर्जव्यवहार पतसंस्थांतून झालेला आहे, म्हणून ही उणीव मला फार टोचते. उपाय एवढाच की, पतसंस्थेकडून मागील कर्जांचे खातेउतारे आणि बेबाकी दाखले घेऊन ते गृहकर्जाच्या अर्जासोबत जोडावेत. गुणांक त्याने बनत नाही, पण शाखाधिकाऱ्याला शिफारशीसाठी आधार मिळतो. बचत गटातून किंवा सूक्ष्म वित्त संस्थेतून आईने कर्ज घेतले असेल तर तिचाही अहवाल काढावा; बँकांनी आणि वित्त कंपन्यांनी दिलेल्या अशा कर्जांची नोंद होते आणि सहकर्जदार म्हणून तिचा उपयोग होऊ शकतो.

वाशिष्ठीतीर (चिपळूण)

खाडीकाठ यांनी सांगितल्याप्रमाणे शाखेत अर्ज देऊन पोच घेतली आहे. शाखाधिकाऱ्यांनी मंजुरीपत्रातील पुराचा उल्लेख पाहून दुरुस्ती पाठवण्याचे मान्य केले. ती अहवालात दिसायला किती काळ लागेल, आणि न दिसल्यास पुढे कुठे जावे?

खाडीकाठ (रत्नागिरी)

1 जानेवारी 2025 पासून बँकांनी किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवावी असा नियम झाला, पूर्वी ती महिन्यातून एकदा जात असे. त्यामुळे बँकेने दुरुस्ती पाठवल्यावर साधारण महिन्याच्या आत ती दिसायला हवी. चारही कंपन्यांच्या अहवालांत ती आली का, हे वेगवेगळे पाहावे लागेल. एका ठिकाणी सुधारणा होऊन दुसऱ्या ठिकाणी जुनीच नोंद राहिल्याची प्रकरणे माझ्यासमोर आलेली आहेत. आपला या वर्षीचा मोफत अहवाल वापरून झाला असेल, तर शाखेलाच नवा अहवाल दाखवण्याची विनंती करावी.

तक्रारीपासून 30 दिवस उलटूनही उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. 1 सप्टेंबर 2022 पासून पत माहिती कंपन्याही लोकपाल योजनेच्या कक्षेत आहेत. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या तक्रार निवारण संकेतस्थळावर विनाशुल्क करता येते, वकिलाची आवश्यकता नाही, आणि 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. शाखेची पोच, अहवालाची प्रत आणि मंजुरीपत्र सोबत जोडावे.

हापूसबाग (देवगड)

बंधूंचा अहवाल पुन्हा पाहिला. टेम्पोच्या कर्जापुढे 'गॅरंटर' असेच लिहिले आहे, त्यामुळे तो भाग बरोबर आहे. नातेवाइकांशी बोलणे झाले असून काजू विक्रीचे पैसे आल्यावर थकलेले हप्ते भरण्याचे त्यांनी मान्य केले आहे. मात्र वडिलांच्या अहवालात आता एक नवीच गोष्ट दिसली: पूर्वीच्या विदर्भ कोकण ग्रामीण बँकेच्या नावाचे एक फेडलेले पीककर्ज अजून चालू दाखवले आहे. ती बँक आता त्या नावाने अस्तित्वात नाही. अर्ज कोणाकडे करावा?

सनदीलेखा (अलिबाग)

ती बँक 1 मे 2025 पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत एकत्र झाली आहे, आणि जुन्या बँकेची सर्व येणी-देणी व नोंदी नव्या बँकेकडे आल्या आहेत. म्हणून ज्या शाखेत वडिलांचे खाते होते, तिथेच अर्ज करावा. शाखा दुसऱ्या शाखेत मिसळली असेल तर त्या शाखेत. अर्जात जुना कर्ज खाते क्रमांक आणि फेडल्याची तारीख लिहावी आणि बेबाकी दाखल्याची प्रत जोडावी. दाखला सापडत नसेल तर बचत खात्याच्या जुन्या पासबुकात शेवटच्या भरण्याची नोंद शोधावी, ती पुरावा म्हणून चालते. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्या पीककर्जाचा बोजा अजून असेल, तर तो कमी करण्यासाठी तलाठ्याकडे देण्याचे बँकेचे पत्रही त्याच फेरीत मागून घ्यावे.